उधाणात उपसलेली विहीर

चैत्र वद्य चतुर्दशीची सकाळ. आवडाबाई मागल्या पडवीत बसून पूजेची भांडी चिंचेने घासत होत्या. समई लखलखीत झाली होती, तांब्या अर्धा उजळला होता आणि ताम्हण अजून तसंच काळवंडलेलं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी अमावास्या. विहिरीवरच्या साती आसरांची, म्हणजे सात जलदेवतांची, ओटी भरायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि विहिरीच्या तोंडावर उंबराची फांदी आडवी ठेवायची, हा मान त्यांच्या घराचा. सासू गेल्यापासून गेली एकतीस वर्षं तो त्यांच्या एकटीच्या हातून होत होता.

"आजी, येऊ का?"

दारात संचिता उभी होती. गावाच्या पाठीला लागून पुष्पगंध नावाची सात मजली इमारत आहे, तिथे पाचव्या मजल्यावर राहणारी. दर मंगळवारी आसरांना हळदकुंकू वाहायला येते म्हणून आवडाबाईंची तिच्याशी ओळख. एरवी नीटनेटकी असणारी पोर आज केसांना कसाबसा चाप लावून आली होती.

"ये गो. बस. चहा नाय विचारत हां, पानी मोजून ठेवलंय."

"चहा नकोच आजी. पाण्याचंच बोलायला आलेय."

कुठेतरी मोठी जलवाहिनी फुटली होती आणि कोपर स्टेशनच्या या बाजूच्या इमारतींना पाच दिवस पाणी नव्हतं. टँकरवाल्यांना फोन लावला तर "उद्या बघू" म्हणायचे. संचिताच्या सासूबाई वर्षभर अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं अंग पुसायला ती दुकानातल्या बाटल्यांचं पाणी वापरत होती आणि कालपासून दुकानात बाटल्याही मिळेनाशा झाल्या होत्या.

"एवढंच ना? माझ्या वाटचे दोन हंडे घेऊन जा," आवडाबाई म्हणाल्या.

"माझं एकटीचं नाही ना आजी. छप्पन्न घरं आहेत. सातव्या मजल्यावर बाळंतीण आहे, दहा दिवसांचं बाळ आहे." आणि मग मान खाली घालून म्हणाली, "हे बाहेर उभे आहेत. त्यांना सांगायचंय काहीतरी."

'हे' म्हणजे सर्वेश, इमारतीचा सेक्रेटरी. तो आत आला आणि त्याने आवडाबाईंना चक्क वाकून नमस्कार केला. त्याचं म्हणणं साधं होतं. त्यांच्याकडे पंप होता, नळी होती. गावच्या विहिरीत दोन तास पंप लावू द्यावा, फक्त प्यायचं पाणी, आजी म्हणतील त्या क्षणी बंद.

विहिरीची गोष्ट इथे सांगायला हवी. खाडीचा चिखल आणि तिवरांची झाडं जिथून सुरू होतात तिथून ती शे-दीडशे पावलांवर आहे आणि तरी तिचं पाणी गोड आहे, म्हणजे होतं. गावातल्या चाळीस घरांना पालिकेचा नळ आहे, पण त्याला सकाळी अर्धा तास करंगळीएवढी धार येते. खाणंपिणं, डाळ-भात, देवपूजा सगळं विहिरीवर. त्यामुळे तिचे नियम कडक. घरटी चार हंडे, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, मग घरात माणसं तीन असोत की तेरा. मोटार कधीच लावायची नाही. आणि तिसरा नियम सगळ्यात मोठा. अमावास्या आणि तिच्या पुढचे दोन दिवस, तसंच पौर्णिमेला, विहिरीत बादली पडता कामा नये. त्या दिवसांत आसरा न्हायला उतरतात, त्यांच्या न्हाणीत हात घालू नये, असं सासूने सांगितलेलं. आवडाबाईंचे मालक कान्हा मिठागरावर कामाला होते. ते सांगायचे की अमावास्या-पौर्णिमेला खाडीला उधाण येतं आणि पाणी जमिनीखालूनही लोटतं. विहीर भरलेली असली तर तिचं गोडं पाणी खाऱ्याला दाबून धरतं, उपसलेली असली तर खाडी आत शिरते. आवडाबाईंनी दोन्ही ऐकलं होतं. त्यांच्या मनात ते दोन्ही एकच होतं. देवीला ठाऊक होतं म्हणून तिने न्हाणीचे दिवस तेच निवडले.

"उद्या अमावास," त्या सर्वेशला म्हणाल्या. "उद्यापासून तीन दिवस इहिरीला हात लावायचा नाय."

"मग आज लावू?"

"आज गावानं तीन दिवसांचं भरायचं हाय. आज इहीर गावाची."

आतून सून रुचिता हात पुसत बाहेर आली. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"काय हो भाऊजी, तुमची मोटार लागली की आमच्या नळाची धार जाते, ते सांगायला आम्ही आलेलो तेव्हा तुम्ही काय बोललेलात? कॉर्पोरेशनला जा. मग आता तुम्ही पण जा की कॉर्पोरेशनला."

"रुचिता!" आवडाबाईंनी तिला दटावलं.

"मी खोटं बोलतेय काय, आई?"

ती खोटं बोलत नव्हती. सर्वेशचे कान लाल झाले. संचिताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पदर नसलेल्या खांद्याला पुसलं. आवडाबाईंना त्या क्षणी नाही म्हणवेना. तहानलेल्याला विन्मुख पाठवायचं पाप डोक्यावर घेऊन उद्या कुठल्या तोंडाने ओटी भरायची? आणि आणखीही एक होतं, जे त्यांनी पुढे कितीतरी दिवस स्वतःशीही कबूल केलं नाही. पुष्पगंध जिथे उभी आहे तिथे एकेकाळी त्यांची भाताची खाचरं होती. जमीन गेली, इमारत आली आणि वीस वर्षं त्या इमारतीतली माणसं यांच्या दारावरून गाडीच्या काचा वर करून गेली. आज त्यांचा सेक्रेटरी वाकून नमस्कार करत होता. बरं वाटलं होतं त्यांना.

"कौल लावते," त्या म्हणाल्या. "देवी हो बोलली तर लावा पंप. नाय बोलली तर माझ्यावर राग नको."

संचिता एकटीच त्यांच्याबरोबर विहिरीवर गेली. कट्ट्यावर उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड आहेत. आवडाबाईंनी तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून मधल्या दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी आधी पडली तर होकार. डावी पडली तर नकार. दुपारच्या उन्हात दोघी बसून राहिल्या. संचिताला उजव्या-डाव्याचं काही माहीत नव्हतं; ती नुसती हात जोडून बसली होती.

डावी कळी पडली.

कौल एकदाच लावायचा असतो. आवडाबाईंना हे सातव्या-आठव्या वर्षापासून ठाऊक होतं, माहेरी त्यांची आजीच कौल लावायची. पण त्यांनी शेजारी पाहिलं तर संचिता डोळे मिटून ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. आवडाबाईंनी पडलेली कळी उचलली, पुन्हा भिजवली आणि दगडाला लावताना अंगठ्याने चांगली दाबली. मग उजवी काढून पुन्हा लावली, ती हलक्या हाताने.

उजवी कळी पडली.

"दिला गो देवीनं," त्या म्हणाल्या. संचिताने डोळे उघडले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

गावात त्यांनी तेच सांगितलं. देवीने कौल दिला म्हटल्यावर कुणी हूं की चूं केलं नाही. गावचे जाणते सीताराम पाटील फक्त एवढं म्हणाले, "उधाणात कौल कधी ऐकला नव्हता बाबा. पन देवीपुढं आपन कोन?"

अमावास्येला सकाळी दहा वाजता पंप लागला. आवडाबाई डोक्यावरून पदर घेऊन कट्ट्यावरच बसल्या होत्या. त्या दिवशी उंबराची फांदी त्यांनी विहिरीवर आडवी न ठेवता बाजूला उभी करून ठेवली. दोन तास म्हटले होते ते बाराला संपले, पण तोवर इमारतीतल्या वरच्या तीन मजल्यांना काहीच पोचलं नव्हतं. मग आणखी एक तास. मग सर्वेश धावत आला, बाळंतिणीच्या घरचं राहिलं म्हणाला. मग आणखी एक. कुणी लबाडी करत होतं असं नव्हे. प्रत्येकाची गरज खरी होती आणि प्रत्येकजण थोडंच मागत होता.

दुपारी शेजारच्या इमारतीची माणसं आली. त्यांनी नळी पाहिली होती. "मावशी, त्यांना दिलंत, आमची पण म्हातारी माणसं आहेत."

आसरांच्या कट्ट्यावर बसून एकाला हो आणि दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? आवडाबाईंनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन इमारती आल्या. तिसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावरून चार नळ्या आत उतरल्या होत्या आणि चार पंपांच्या घरघरीत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. गावच्या बायका रिकामे हंडे कमरेला लावून लांब उभ्या राहून बघत होत्या.

त्यांतली हौसाबाई म्हणजे तोंडाने फाटकी, मनाने सोनं. आवडाबाईंच्या बरोबरीने लग्न होऊन गावात आलेली, बरोबरीने विधवा झालेली. ती कट्ट्याशी येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो आवडे, आसरांची न्हानी हाय का पेट्रोल पंप?"

बायका हसल्या. आवडाबाईही हसल्या, पण त्यांचं लक्ष पलीकडे होतं. उधाणाची भरती लागली होती. तिवरांची मुळं केव्हाच पाण्याखाली गेली होती आणि खाडी काठोकाठ भरून वर वर येत होती. इकडे विहिरीत मात्र पायऱ्यांमागून पायऱ्या उघड्या पडत होत्या, ज्या त्यांनी जन्मात कधी पाहिल्या नव्हत्या, शेवाळाने काळ्याकुट्ट. मग एक पंप घोगरा आवाज करून नुसती हवा ओढायला लागला. सर्वेशनेच तो बंद केला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आजी, बास. तळ दिसतोय."

दुपार कलता कलता विहिरीत पाणी परत येऊ लागलं. वीतभर, मग हातभर. गावाने सुटकेचा श्वास टाकला. त्याच संध्याकाळी इमारतींचं नळाचं पाणीही सुरू झालं आणि संचिता पेढे घेऊन आली. आवडाबाईंनी पेढा देवापुढे ठेवला. आत कुठेतरी काटा सलत होता, तरी त्यांनी स्वतःची समजूत घातली: देवी आई आहे, आई लेकराचा एवढासा अपराध पोटात घालते.

दुसऱ्या दिवशी, अक्षय्य तृतीयेला, रुचिताने पुरणाची डाळ शिजायला लावली. सहा शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या. कुकर उघडला तर डाळ टणक, दाणा न् दाणा मोकळा.

"डाळ जुनी असंल," आवडाबाई म्हणाल्या.

"परवाच आणलीय यांनी," रुचिता म्हणाली. 'हे' म्हणजे आवडाबाईंचा लेक महिपत; तो वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपात लेथवर आहे, येताना सामान घेऊन येतो.

दुपारच्या चहात दूध फाटलं. शेजारी दोन घरांतही फाटलं. आवडाबाई उठल्या, विहिरीवर गेल्या, बादली सोडली आणि तीर्थ घ्यावं तसं ओंजळीत पाणी घेऊन तोंडाला लावलं. जिभेच्या कडेला ते लागलं. थोडंसंच. अळणी भाजीत कुणी चिमूटभर मीठ टाकावं एवढंच. त्या तशाच ओंजळ धरून उभ्या राहिल्या आणि पाणी कोपरावरून गळत राहिलं.

आठवड्याभरात ते चिमूटभर राहिलं नाही. साबणाला फेस येईना. तुळशीची पानं कडेने करपली. सीतारामांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं: फार मागे एकदा असंच झालं होतं, आणि कितीतरी पावसाळे गेले तेव्हा विहीर परत गोड झाली. किती ते त्यांना आठवत नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

आता पाण्यासाठी गावच्या बायका स्टेशनाकडच्या सार्वजनिक नळावर जाऊ लागल्या. रिक्षांचा रस्ता ओलांडून जायचं, रांग लावायची आणि डोक्यावर एक, कमरेवर एक असं घेऊन परत यायचं. आवडाबाईही जात. रांगेत बायका त्यांच्याशी बोलत, पण पूर्वीसारखी थट्टा कुणी करत नव्हतं. फक्त हौसाबाईचं तोंड बंद झालं नव्हतं. "काय आवडे, तुज्या देवीला मीठ कमी पडत व्हतं काय गो?"

वैशाख शुद्ध एकादशीच्या सकाळी हौसाबाई दोन हंडे घेऊन रस्ता ओलांडताना दुभाजकाला अडखळून पडली. खुब्याचं हाड मोडलं. सत्तरीला टेकलेली बाई. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण ती आता चालेलच असं सांगितलं नाही. आवडाबाई एकादशीचा उपास तसाच ठेवून इस्पितळात धावल्या. वॉर्डाच्या दाराशी हौसाबाईची लेक जागृती उभी होती.

"मावशी, आत नको."

"बघते फक्त. लांबून."

"आई बोलली, आवडाला पाठवू नको." जागृतीने दार हाताने धरून ठेवलं. "ती रागावली नाय. ती बोलते, तू दिसलीस की तिला हसू येतं, आणि हसलं की दुखतं."

ते खरं होतं की पोरीने मन राखायला सांगितलं, हे आवडाबाईंना कधीच कळलं नाही. त्या बाहेरच्या बाकड्यावर संध्याकाळपर्यंत नाम घेत बसून राहिल्या आणि परत आल्या.

पौर्णिमेच्या आदल्या रविवारी मारुतीच्या देवळात गाव बसलं. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. सीतारामांनी विषय काढला आणि त्यांचा पुतण्या विकी लगेच उठून उभा राहिला. पोरगा जिमला जाणारा, बोलण्यात तापट.

"देवीनं कौल दिलेला ना? मग देवी कोपली कशी? मी सांगतो कशी. ती बिल्डिंगमधली बाई, सेक्रेटरीची. मी स्वतः बघितलेलं, चपला घालून चढलेली कट्ट्यावर. तिनं बाटवलं. आता हे बास झालं. बिल्डिंगवाल्यांचं कोण पण गावात पाऊल टाकेल ना, तर बघून घेऊ. आणि तिला तर देवीच्या पायाशी आणून नाक घासायला लावू, सगळ्यांसमोर."

"बरोबर आहे!" दोन-तीन आवाज आले. मग आणखी. लोकांना कुणीतरी सापडलं होतं, आणि सापडल्याचा सुस्कारा आवडाबाईंना खांबामागे ऐकू आला. त्या बोलल्या नसत्या तर ते तसंच राहिलं असतं. पुढच्या मंगळवारी ती पोर हळदकुंकवाची वाटी घेऊन आली असती आणि तिला कळलंही नसतं आपण काय केलं ते.

आवडाबाई उठल्या. गुडघे कुरकुरले. बायकांमधून वाट काढत पुढे आल्या तशी कुजबुज थांबली.

"ती अनवानी व्हती," त्या म्हणाल्या. "चपला काढून चढली. मी बरोबर व्हते."

"आवडामावशी, तुम्ही तिला पाठीशी घालू नका," विकी म्हणाला.

"कौल दिलाच नव्हता देवीनं."

कुणाला आधी कळलंच नाही. सीताराम म्हणाले, "काय बोलतेस आवडाबाय?"

"डावी कळी पडली. पयल्यांदा डावीच पडली. मी परत लावली. अंगठ्यानं दाबून लावली." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला, जणू तो पुरावा होता. "देवी नको बोलली व्हती. तिनं वेळेवर सांगितलं. मीच ऐकलं नाय, आनि तुमाला तिच्या नावानं खोटं सांगितलं."

महिपत पुरुषांमध्ये मान खाली घालून बसला होता, त्याने वर पाहिलं नाही. आवडाबाईंना वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. चाळीस घरांची माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि त्यांच्या प्रत्येकाच्या घरी आज संध्याकाळी स्टेशनावरून पाणी आणायचं होतं.

"आई," बायकांमधून रुचिताचा आवाज आला. तो चढा नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "देवीला तुम्ही दोनदा विचारलंत. आम्हाला एकदा तरी विचारायचं होतं."

आवडाबाईंनी पुढे केलेला अंगठा मुठीत मिटला.

मग सीताराम बोलले. आसरांचा मान यापुढे त्या घराकडे राहणार नाही. पुढच्या अमावास्येपासून फांदी दुसऱ्या घरची बाई ठेवील. हे ते आवडाबाईंकडे न बघता बोलले. बिल्डिंगच्या बाईचं नाव पुन्हा कुणी घ्यायचं नाही, हेही म्हणाले आणि विकीकडे बघून म्हणाले. मग राहिला पाण्याचा प्रश्न. पुष्पगंधची टाकी आता रोज भरते. त्यांनी कुंपणाच्या बाहेर गावाला एक नळ द्यावा, सकाळी दोन तास, विहीर गोड होईपर्यंत. घरटी चार हंडे, आपल्याच नियमाने.

"देतील?" मागून कुणीतरी विचारलं.

"मागितलं तर कळंल."

"मागणार कोण?"

कुणी उठलं नाही. त्या दारात हात पसरायला जायचं कुणाच्याच जिवावर आलं होतं. मग एक म्हातारी, हौसाबाईची जाऊ, खांबाला टेकून म्हणाली, "जिनं नल्या घातल्या, तिनंच जावं."

"मी जाते," आवडाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी संचिताचा फोन आला. तिला कुणीतरी सगळं सांगितलं होतं. ती आधी नुसतीच रडत राहिली. मग म्हणाली की सर्वेश नळाला तयार आहे, पण त्याच्या एकट्याच्या हातात नाही, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठेवावं लागेल. आणि लोक आत्तापासूनच बोलायला लागलेत, की गावाला एकदा नळ दिला तर तो कायमचाच होऊन बसेल, टाकी आपल्यालाच पुरत नाही, उद्या उन्हाळा आणखी वाढला तर काय.

"आजी, ते काय पण बोलतील तुम्हाला. तुम्ही नका येऊ. यांना मांडू दे."

"नाय गो. मांडू दे त्याला, पन मागायचं मीच." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "किती वाजता हाय?"

मीटिंग पुढच्या रविवारी होती. सकाळी साडेदहाला पुष्पगंधच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात जायचं आणि छप्पन्न घरांच्या माणसांकडे कुंपणाबाहेर एक नळ मागायचा.